डावं वळण

एप्रिलमध्ये बर्फ जातो,
पण घसरू नये म्हणून त्यावर टाकलेली खडी मागे राहते.
हे आमच्या बेटांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.
मलाही होतं.
तरी चर्चपुढच्या डाव्या वळणावर
पुढचं चाक माझ्या हातून असं सुटलं
जसं जत्रेत मूल बोट सोडतं:
आधी काही कळतच नाही.

गळ्याचं हाड, दोन ठिकाणी.
आरशाची एक काच कोटाच्या खिशात सापडली
आठवड्यानं, टोचली तेव्हा.

मग दोन उन्हाळे गाडी शेडमध्ये,
स्की आणि बटाट्यांच्या पोत्यांमध्ये,
निळ्या फुलांच्या जुन्या चादरीखाली.
कुणी विचारलं की मी म्हणायची, वेळ कुठे मिळतो.
जिथे जूनमध्ये रात्रच होत नाही
तिथे हे कारण किती टिकणार!

तिसऱ्या मे महिन्यात टेलर्वो आली, काखेत बॅटरी.
काही विचारलं नाही.
जुनी काढली, नवी बसवली,
माझ्याच निळ्या फुलांना हात पुसले.
म्हणाली, शनिवारी. काउकोपण येतोय. कॉफीपुरतं.

पहिला शनिवार अकरा किलोमीटरचा.
पेट्रोल पंप, दालचिनीचा पाव, परत.
हँडल इतकं आवळलं होतं
की नंतर कप बशीवर वाजत राहिला.
दोघं खिडकीबाहेर बघत बसले.
खिडकीबाहेर काहीच नव्हतं.
एक ट्रॅक्टर होता, तोही उभा.

पुढे बेटाचा गोल रस्ता.
तो मी एकाच बाजूनं घ्यायची,
समुद्र डाव्या हाताला, वळणं उजवीकडची.
अख्खा जून आणि अर्धा जुलै
आम्ही तिघांनी बेटाला प्रदक्षिणा घातल्या,
आणि कुणी म्हटलं नाही
की उलटंही जाता येतं.
अधूनमधून एखादं डावं यायचंच.
ते मी विसाच्या वेगानं घ्यायची, श्वास धरून,
आणि मागे काउको, भर रस्त्यात मधोमध,
त्याच्यामागे बस, बसमागे सगळा तालुका.
तो चर्चचे ऑर्गन दुरुस्त करतो.
त्याला हॉर्न ऐकू येत नाहीत.
निदान तो तसं सांगतो.

मग तो पावसाळी शनिवार, पिवळी फेरी,
ओलं लोखंड.
गाडी थांबलेली. इंजिन बंद.
मी पाय टेकला आणि पाय निघून गेला.
गाडी सावकाश आडवी झाली
जशी गाय बसते,
आधी एक गुडघा, मग दुसरा,
आणि तिच्याशेजारी मी.
नारिंगी जाकिटातला फेरीवाला आला, वाकला, म्हणाला,
या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या.
आणि गेला दोर बघायला.

एवढंच?
दोन वर्षं मी ज्याला घाबरत होते
त्याची नुसती मोजदाद चालते इथे?
मी पडल्या पडल्याच हसायला लागले.
टेलर्वोला वाटलं, हाड गेलं.
हाड जागेवर होतं. तिच्याच डोळ्यांत पाणी.

ऑगस्टचा शेवट. कडेला रोवनची फळं लाल.
फाट्याशी मी पहिल्यांदा पुढे होते.
उजवा इंडिकेटर लावायचा,
अंगठ्याला सवय होती.
अंगठा दुसरीकडे गेला.

जिकडे जायचं तिकडे बघायचं,
शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी एवढंच सांगितलेलं.
खडी होती का? असेल.
मी चर्च बघत नव्हते, कडा बघत नव्हते,
वळणापलीकडे एका दोरीवर चादरी वाळत होत्या
त्यातली शेवटची बघत होते,
आणि गाडी कलली,
आणि मी तिला कलू दिलं.

पुढे सात किलोमीटर सरळ रस्ता.
इंडिकेटर बंद करायचा राहूनच गेला.
लक्षात आलं तेव्हा आरशात पाहिलं:
मागे दोघांचेही
डावे दिवे अजून लुकलुकत होते.