शेपटीकडचा माणूस

फॉर्मवर रकाना होता : सोबत कोण?
मी लिहिलं, भयजी राठवा.
नातं? काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.
कमाटीबागेच्या प्राणिसंग्रहालयात सव्वीस वर्षं
मी सुईकडे असायचो, तो शेपटीकडे.
हे कुठल्या नात्यात बसतं?
तिनं 'मित्र' लिहून टाकलं.

आधीच्या पानावर औषधांची नावं,
तारखांसकट पाच, सहावं आठवेना.
एकानं झोप दिली, एकानं वजन,
एकानं नुसती तोंडाला कोरड.
चार वर्षं मी आंघोळीला बसायचो
आणि बादली गार होऊन जायची.
काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटर उभी करून
खाली विश्वामित्रीकडे बघायचो.
मगरी उन्हाला पडलेल्या, जबडे उघडे टाकून.
किती वेळ बघत होतास, असं विचारणारं
घरी कुणी नव्हतं.
भयजीनं विचारलं.

डॉक्टर अमीन म्हणाल्या, केटामाइन.
नाव ऐकलंय कधी?
मी हसलो असेन. खोकल्यासारखं काहीतरी.
छोटा उदेपूरकडच्या विहिरीतून काढलेली बिबटीण,
हेच पाण्यासारखं औषध,
सिरिंज माझ्याच हातानं भरलेली,
किलोला दहाच्या हिशेबानं.
मला किलोला अर्धा.
एकोणसत्तर किलो, साडेचौतीस मिलिग्रॅम,
चाळीस मिनिटांत, थेंबाथेंबानं.
म्हटलं, बाई, एवढ्यात मांजरसुद्धा आडवं होत नाही.
त्या वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

या औषधात जनावराचे डोळे मिटत नाहीत.
लोक भूल म्हणजे झोप समजतात.
बिबटीण पडलेली असायची आणि बघत असायची,
कशाकडेही नाही.
बुबुळ वाळू नये म्हणून आम्ही मलम घालायचो,
आणि दर वेळी मला वाटायचं,
ही आत्ता आहे कुठे?

आता कळलं. थोडंसं.
दंडावरचा पट्टा मधूनमधून आवळतो.
एसीचा आवाज लांब जातो, मग माझा हात लांब जातो,
मग मी म्हणून जे काही होतं
ते खुर्चीवर काढून ठेवलेल्या शर्टासारखं दिसतं :
मळकी कॉलर, एक बटण वेगळ्या रंगाचं.
भीती वाटली. मग भीतीही त्याच खुर्चीवर.
छत फार मोठं होतं
आणि त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं,
आणि त्यात अपमान नव्हता.

पहिल्या खेपेला उलटी झाली.
दुसऱ्या खेपेनंतर भिंतीकडे तोंड करून पडलो
आणि मनातल्या मनात पैसे मोजले.

तिसऱ्या खेपेला भयजी बाहेरच्या बाकावर,
पिंजऱ्याबाहेर बसायचा तसाच, गुडघ्यांवर हात.
जनावर मान उचलेपर्यंत उठायचं नाही,
हा त्याचा नियम, कुणी घालून दिलेला नाही.
स्कूटर त्यानंच चालवायची, मला चोवीस तास मनाई.
रावपुऱ्यात थांबून सेव-उसळ घेतली.
सकाळपासून पोटात काही नव्हतं.
पहिल्याच घासाला जीभ पोळली.
मी म्हटलं, आज तरी तिखट आहे.
तो म्हणाला, रोजनी ज छे, साहेब.

अजून तीन आहेत. पुढे महिन्याला एक, कदाचित.
उतरू शकतं, असं डॉक्टर आधीच म्हणाल्यात.
काहींना तर चढतच नाही.
त्या बिबटिणीलाही आम्ही जंगलात सोडलं,
पुढचं आम्हाला ठाऊक नाही.

मी पावावर आणखी तरी घेतो.
नाक गळतंय, बाहीला पुसतो,
बटण खरंच वेगळ्या रंगाचं आहे.
आणि समोर तो, चमचा बाजूला ठेवून,
अजून बघतोय
माझ्या मानेकडे.