भरती उतरेपर्यंत

हर्णै बंदर. सोसायटीच्या माडीवर
रात्री अकराला मी फाइल उघडते.
आमचा एजंट, पोरं त्याला 'खलाशी' म्हणतात,
बर्फाची मागणी नोंदवतो, डिझेलचा कोटा पाहतो,
रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांना पापलेटचा भाव कळवतो.
दर कामाला एक किल्ली,
आणि सगळ्या किल्ल्या इथंच, ओळ बारा ते सतरा,
सुकत घातलेल्या मांदेलीसारख्या,
राखणीला कुणी नाही.

मीच ठेवल्या होत्या. मार्चमध्ये, घाईत.
वर टीपही माझीच: 'नंतर काढू.'

एक पुसते. बँकेची.
पण पुसलेलं जुन्या प्रतींत उरतंच,
जाळं कितीही धुवा, वास जात नाही.
म्हणजे कुलपंच बदलायची. सहाही.

खाली इस्माईल मिरकर हातगाडीवाल्याला चिठ्ठी देतोय:
होडीचं नाव, चार लाद्या, तारीख,
आणि तळाशी त्याचं ते वाकडं अक्षर,
'भरती उतरेपर्यंत.'
बर्फ कारखान्याची किल्ली त्यानं
सख्ख्या जावयालासुद्धा दिलेली नाही.
चिठ्ठी मात्र कुणालाही.
भिजली, हरवली, कुणी उचलली,
ओहोटीला तिचा नुसता कागद होतो.

मग तसंच लिहीत बसते.
खलाशाच्या खिशात काही ठेवायचं नाही.
मागेल तेव्हा चिठ्ठी,
एका कामाची, पंधरा मिनिटांची.

पहाटे पहिली होडी लागते.
तो बर्फ मागायला जातो, अडतो,
चिठ्ठी मागतो, मिळते.
चार लाद्या खडखडत धक्क्यावर.

ओळ बारा आता कोरी.
वरची टीप तेवढी तशीच आहे, 'नंतर काढू.'
ती काढायला हात होत नाही.