दोन डोक्यांमधली फट

छिद्र अकरावर. अंतर तीन मीटर.
आता बोटांना काही काम नाही,
फक्त उभं राहायचं.

कुताइसीच्या मंडईचं मागलं दार.
इथं मार्श्रुत्का वळताना भिंतीला आरसा घासून जाते,
सकाळी साडेनऊला ऊन पत्र्याच्या भोकांतून उतरतं
आणि दहाला निघूनही जातं.
अर्धा तास माझा.

पुढं, अगदी नाकाशी, त्सियालाबाईंच्या चुर्चखेला:
अक्रोडांच्या माळा, द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या,
काळपट, गाठाळ, दोरीला लोंबणाऱ्या.
त्यांच्या मधून दिसेल तेवढंच माझं.
मग तराजू.
मग चीजवाल्या अमिरानचं ओलं टेबल.
त्याच्या पल्याड वाझा,
कोंबड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यावर बसून सिगारेट ओढणारा.
आणि सगळ्यांत मागं, दुसऱ्या मजल्यावर,
एक बाई गालिचा झटकते.
झटकला तर.

पाच थर.
कुणाचं डोकं कुणाला चिकटता कामा नये.
दोघांमध्ये सुपारी जाईल एवढा तरी उजेड हवा,
नाहीतर एकाच्या कानातून दुसऱ्याचं नाक उगवतं
आणि सगळ्याची खिचडी.
अकरा वर्षांत मी शिकलो ते एवढंच.
अर्धं पाऊल डावीकडे. गुडघा वाकव. श्वास धर.
चौघं जागेवर येतात,
पाचवा शिंकतो आणि निघून जातो.
पुन्हा.

मंगळवारी आलं सगळं.
शाळा बुडवलेला एक पोरगा धावत घुसला,
डोक्यावर ॲल्युमिनियमचं घमेलं उलटं घालून.
घमेल्यावर ऊन फुटलं.
वर गालिचा लाल होऊन उघडला.
वाझाचा धूर, अमिरानची खाली गेलेली मान,
आणि दोघांच्या मधोमध
घमेल्याच्या चकाकीपासून पत्र्याच्या कडेपर्यंत
उजेडाची एक सरळ, सलग शिवण.
सेकंदाच्या अडीचशेव्या भागात मावलं.

गुरुवारी छापून घेऊन गेलो.
त्सियालाबाईंनी एप्रनला हात पुसले,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
'यात मी कुठाय?'
हे कोपर, मी म्हटलं.
'अठ्ठावीस वर्षं उभी आहे इथं. आणि कोपर?'
मग जरा वेळानं, हळू आवाजात,
'तराजूचा काटा दिसतोय यात. कुणाला दाखवू नकोस.'

मी त्या शिवणीवर बोट ठेवलं.
म्हटलं, हिची किती वाट पाहिली बघा,
दोघं कसे सुटे सुटे...
'वाट कशाला पाहिलीस?' बाई म्हणाल्या.
'ही फट सहा वर्षं इथंच आहे.
आईच्या घराचे कागद झाले, त्या दिवसापासून
सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
अमिरानची मान खाली आहे ती काही चीज कापायला नाही.
आणि वाझा धूर सोडतो तो इकडंच सोडतो,
रोज, नेम धरून.
घमेलंवालं पोर कुणाचं, ठाऊक आहे?
वाझाचं.
आणि पळतंय कुठं ते बघ.'

बघितलं.
त्याचा पुढचा पाय
काकाच्या टेबलाच्या सावलीत पडला होता.
एवढ्या स्वच्छ चित्रात
तेवढाच एक पाय दुसऱ्या थरात घुसलेला.
छापताना तोच मला खटकला होता.
कापून टाकणार होतो.

बाईंनी फोटो परत दिला नाही.
अक्रोडांच्या पोत्यामागं खोचला,
पोर मोठं होईस्तोवर तिथंच राहू दे म्हणाल्या.
दोन माळा कागदात गुंडाळून हातात ठेवल्या,
तराजूत न घालता.

मार्श्रुत्कात बसल्यावर आठवलं,
गालिचा झटकणारी ती बाई कोण,
हे विचारायचं राहूनच गेलं.