पाच अंश

चेंबर नंबर सातमधून बाहेर आलं
की आधी चष्म्यावर तुर्भे उमटतं :
पांढरं, दमट, आकार नसलेलं.
मग हळूहळू ट्रक दिसतात,
ट्रकच्या सावलीत डबा सोडून बसलेली माणसं,
आणि मग माझाच हात,
त्यात एक पीच.

रंग असा की लग्नघरी न्यावा.
गालावर लाली, लव जागच्या जागी,
चोवीस दिवसांत एक सुरकुती नाही.

माझं काम साधं.
दाबमापकाची दांडी गरात रुतवायची, आकडा लिहायचा.
काचेवर एक थेंब, डोळा बारीक करून
उजेडात साखर वाचायची.
आज तो एक थेंब काढायलाच
अर्धं फळ पिळावं लागलं.
साखर बारा. वाईट नाही.
मग सुरी आठळीभोवती फिरवून
दोन वाट्या उलट्या दिशांना मुरडल्या.

आठळीला लागून तपकिरी सावली.
गर पिंजून ठेवल्यासारखा,
उशीत भरावा असा.

शून्याला ठेवलं तर फळ झोपतं.
वीसला ठेवलं तर पिकतं.
पाचाला त्याला झोपही नाही, जागही नाही.
गर मऊ करणारे दोन हात असतात आत,
त्यातला एक गारठून थांबतो,
दुसऱ्याला ते कळत नाही, तो चालूच राहतो.
रस कुठे जात नाही.
तिथेच असतो, गोठणात धरून ठेवलेला,
जिभेला फक्त मिळत नाही.

सातला पाच अंश का?
कारण आत कुणाची तरी चिंच आहे, चारशे पोती,
आणि तीनमध्ये जागा नव्हती,
आणि रविवार होता.

मी लिहिलं : लॉट नामंजूर.
धीरजशेठ फोनवर म्हणाले,
"बाहेरून तर एक नंबर दिसतोय माल."
मी म्हटलं, हो, दिसतोय.

नामंजूर पेट्या शेडच्या मागे जातात.
घरत फोर्कलिफ्ट लावून तिकडे वळले,
जाड जाकीट, कानटोपी, मे महिन्यात,
आणि पिशवीत सहा फळं मोजून घेतली.
"जुईलीला," म्हणाले. "दर साली नेतो."
आवडतात?
"खाते. पीच कापसासारखंच असतं ना, मॅडम?"

अकरा वर्षं हा माणूस पीच वाहतोय.

मी काही बोलले नाही.
तीन नंबरमधून, शून्याच्या लॉटमधून,
नमुन्याची चार फळं उरली होती.
वर्तमानपत्रात गुंडाळून घणसोलीला नेली,
ओट्यावर, खिडकीशी ठेवली.
पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले
तर अंधारात कुणीतरी आल्यासारखा वास.
तिसऱ्या दिवशी अंगठा टेकवला
आणि साल किंचित आत गेली.

दोन मी खाल्ली.
कशी, ते लिहायला फॉर्मात रकाना नाही.
दोन घरतांना दिली, डब्यात, कापसात ठेवून,
कापसाचं हसूही आलं नाही तेव्हा.

दुसऱ्या दिवशी गेटपाशीच भेटले.
"पोरीनं एक घास घेतला न् थुकला.
म्हणली, बाबा, यो नासलाय,
यातशी पानी गलतंय."

मग?

"मग काय. टाकायचं कसं?
मीच खाल्लं. मोरीत वाकून, उभ्यानं."
त्यांनी मनगट पुढे केलं.
घड्याळाचा पट्टा अजून चिकट होता.
"दुसरं ठेवलंय," म्हणाले.
"तिच्या आईला दाखवायला."

हॉर्न वाजला. नाशिकची गाडी लागली होती.
घरतांनी कानटोपी ओढली,
प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा
त्यांच्यामागे फडफडून बंद झाला.

सातच्या दारावर अजून पाचच आकडा आहे.
आत चिंच आहे.
तिला चालतं.