फक्की

रंगाचं यंत्र रात्रीच बंद पडलं,
म्हणून पहाटे साडेपाचला
मच वेनलॉकच्या लिंडन मैदानावर
मी फक्की मारतोय.
दोरीचं दुसरं टोक ग्लिनिस प्रॉसरच्या हातात,
वय एकोणऐंशी, पायात नातवाचे गमबूट.
‘सरळ येतेय का?’ ती विचारते.
बाई, अठ्ठावीस वर्षं हेच केलंय
कोपरगावच्या शाळेत, तळाला भोकं पाडलेल्या डब्यानं.
मास्तरचा हात अजून हलत नाही. गुडघा हलतो.

लेकीकडे आलोय. दातांची डॉक्टर आहे ती इथं.
सहा महिन्यांचा व्हिसा, त्यातले दोन
भांडी पुसण्यात गेले.

नववीला मी शिकवायचो:
ऑलिंपिकचा उगम, ग्रीस. एक गुण.
पुन्हा सुरुवात, अथेन्स, अठराशे शहाण्णव. एक गुण.
मधली पंधराशे वर्षं
डस्टरनं पुसल्यासारखी.
आणि त्यातच हे गाव होतं,
एक पडका मठ, एक घड्याळ, ओला चुनखडीचा दगड.

इथल्याच एका डॉक्टरनं, अठराशे पन्नास साली,
गुत्त्यातली माणसं मैदानात आणली
आणि पुस्तकातल्या ग्रीकांचं नाव
गावजत्रेला देऊन टाकलं.
धावणं, उड्या, लोखंडी कड्या फेकणं,
डोळे बांधून ढकलगाडी,
आणि म्हाताऱ्या बायकांची शर्यत. बक्षीस एक पौंड चहा.
(तिकडे ऑलिंपियात लग्न झालेल्या बाईला
नुसतं बघायचीही बंदी.)
ग्लिनिस म्हणते, तिच्या खापरपणजीचा दुसरा नंबर आला.
चहा मिळाला नाही. घरात अजून धुसफूस आहे.

पुढे एक फ्रेंच पाहुणा आला, सगळं बघितलं,
ओकचं एक रोप लावलं नि गेला.
सहा वर्षांनी अथेन्सला झेंडे.
जगानं धावणं नेलं,
चहा इथंच राहिला.

‘सहाशे पावलं,’ मी ग्लिनिसला सांगतो,
‘ग्रीकांचं मैदान एवढं लांब.
पण पाऊल ज्या त्या गावाचं.
ऑलिंपियाचं मोठं, डेल्फीचं बारकं.’
मग एका गावचा वाघ
दुसऱ्या गावात कितवा, कुणी सांगावं?

आमच्या शाळेचा टेप चोरीला गेला त्या वर्षी
मैदान मी माझ्या चपलेनं मोजलं होतं.
सहा नंबरची चप्पल, पुढून झिजलेली.
त्या वर्षी सुलभा ढेपे
शंभर मीटर साडेबारा सेकंदांत पळाली.
पेढे वाटले. तालुक्याच्या पेपरात नाव.
जिल्ह्याला गेली तर पंधरा.
पोरगी बसच्या मागच्या सीटवर
येवल्यापर्यंत रडली.
चपलेचं मी तिला सांगितलं नाही.
तिला आता नातू असेल.

म्हणून जगाला एक टेप लागतो, एक घड्याळ,
हे मला कुणी शिकवायला नको.

आठव्या लेनला फक्की संपते.
शेवटचे सहा फूट उरलेत.
ग्लिनिस काही न बोलता घरी जाते,
मैद्याचं पुडकं घेऊन येते.
मी डब्यात ओततो. रेघ जराशी पिवळट येते,
लांबून कळायची नाही.

नऊला पोरं येतील छातीवर नंबर लावून,
कुणी टेलफर्डचं, कुणी वेल्समधलं,
एक म्हणे लागोसहून मावशीकडे आलेली.
सगळ्यांना एकच मीटर.
शिट्टी माझ्याच गळ्यात आहे.

सध्या चार कावळे
आठव्या लेनमध्ये उतरलेत
आणि अंतिम रेषा खाताहेत.
ग्लिनिस टाळ्या वाजवते.
तिघं उडतात.
चौथ्याला वाटतं,
त्याच्यासाठीच आहेत.