पाव इंच उतार

परसात स्वयंपाकघर हवं, हे इद्वालचं खूळ.
वर्षातले दोनशे दिवस जिथे आभाळ गळतं
आणि उरलेल्या दिवसांत वारा
समुद्राचं मीठ आणून खिडक्यांना फासतो,
अशा वेल्सच्या टोकाला.
चूल झाली, विटांची. वर पत्रा झाला.
अडलं ते ओट्यापाशी.

ग्रॅनाइटचा भाव ऐकला
आणि पुढ्यातला चहा न पिताच उठलो.
लाकडाचं शेजारच्या ओल्वेनला विचारा,
तिच्या ओकच्या ओट्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात
अळंबी उगवली. परतून खाल्ली म्हणे तिने.
फरशा चिकटवाव्यात, तर सांध्यांत पाणी शिरतं,
गोठतं, फुगतं,
आणि मार्चमध्ये फरशी हातात येते
दुधाच्या दातासारखी.
बंद पडलेल्या शाळेतलं स्टील स्वस्तात होतं,
पण पन्हाळीचं पाणी त्यावर ताशा बडवणार,
मग बोलणार कोण आणि ऐकणार कोण?
काँक्रीट इद्वालने स्वतः ओतून पाहिलं.
त्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

मग खाणवाल्यांचा क्लब मोडीत निघाला.
दारावर यादी होती: खुर्च्या, गुणफलक,
बिलियर्डचं टेबल, कापड फाटलेलं,
ज्याचं त्याने उचलून न्यावं.
चाळीस पाउंड.
हिरवं कापड खरवडलं
तर खालून आमचाच डोंगर निघाला,
जांभळट, गार, दीड इंच जाड,
पाच तुकड्यांत.
पाणी न पिणारा हा पाटीचा दगड.
यातला एखादा तुकडा सासऱ्यांनीही फोडला असेल.
त्यांच्या छातीत राहिलेली धूळ याच रंगाची होती,
असं डॉक्टर नाही, सासूबाई म्हणायच्या.

उचलायला दीर आला, मेरिग.
अकरा वर्षं त्या टेबलाची पातळी त्याच्याकडे होती.
दर शुक्रवारी, लोक यायच्या आत,
पायाखाली सिगारेटचा कागद, कधी दोन,
मग मधोमध चेंडू ठेवून श्वास रोखायचा.
चेंडू जागचा हलला नाही
की मगच क्लबचे दिवे.

दोन तुकडे विटांवर बसले.
इद्वाल पाचर घेऊन आला.
"उतार द्यायला हवा. नाहीतर पाणी साचेल."
मेरिग बोलला नाही.
पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत राहिला.
बुडबुडा दोन रेघांमधून हळूच सरकला
आणि कडेला जाऊन बसला,
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा.

मी कांदे घेऊन उगाच आत गेले, बाहेर आले.

"किती?" शेवटी त्याने विचारलं.
"पाव इंच."
"कुठल्या बाजूला?"
"खिशाकडे."
कोपऱ्यातला तो अर्धगोल घास,
जिथे आयुष्यभर चेंडू पडले,
त्याच्याखाली आता निळी बादली होती.
"अदमासे चालेल," इद्वाल म्हणाला,
आणि तिथेच चुकला.
मेरिगने पाचर त्याच्या हातातून काढून घेतली,
ओल्या मातीत गुडघे टेकले,
कोटातून कागदाचं पाकीट काढलं.
सिगारेट सुटून नऊ वर्षं झाली.
कागद सुटले नव्हते.
एक सरकवला. बघितलं. अर्धा फाडून पुन्हा एक.
पाव इंच म्हणजे पाव इंच,
वाकडेपणालाही माप असतंच की.

पहिल्या संध्याकाळी पाऊस आला, येणारच होता.
पत्र्याच्या कडेने आत शिरला,
दगडावरून न अडखळता चालत गेला
आणि खिशातून बादलीत उतरला.
चुलीवर बांगडे होते.
मेरिगने माझ्या टोपलीतून एक मुळा निवडला,
इथले असतात तसा, गोल, लालभडक,
शेंडी खुडली, बाहीला पुसला,
ओट्याच्या मधोमध ठेवला
आणि हात काढून घेतला.

मुळा जरा विचारात पडल्यासारखा थांबला.
मग निघाला. सरळ.
टप्.

"एक," मेरिग म्हणाला, गुण मोजतात त्या आवाजात,
आणि दुसरा मुळा शोधू लागला.
इद्वाल वाकून बघत होता, मी बघत होते,
बांगडे करपत होते.