कल

टिटवीला कळायचं कोण आलं ते.
मी काठावर पाय ठेवला की ती झुकायची, जराशी नाराज;
विदुला आली की नुसती हलायची,
आणि शेगडीशेजारचा चहा कपाच्या कडेपर्यंत जाऊन
तिला बघून परत यायचा.
अठरा फुटांत आम्ही दोघं, एक शेगडी, एक बादली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण तिथलं अंथरूणच सव्वापाच फुटी
आणि मी पाच फूट दहा.
चौदा उन्हाळे माझे पाय
लाइफजॅकेटांच्या ढिगात झोपले.

मग मार्चात विदुलाच्या डाव्या कानात काहीतरी बिनसलं.
कोलचेस्टरच्या डॉक्टरीणबाईंनी
प्लास्टिकचा कान उघडून दाखवला:
आत एक गोगलगाय, तीन कमानी,
कमानींत चमचाभरही नाही एवढं पाणी.
ते हललं की जग हलतं.
विदुला भिंतीला हात लावून चालू लागली.
हीच ती, जिनं मर्सी बेटाच्या वळशाला, उलट्या वाऱ्यात,
माझ्या हातून सुकाणू काढून घेतलं होतं,
"तू सँडविच बघ," म्हणत.

म्हणून ऑक्टोबरात, ब्राइटलिंगसीच्या धक्क्यावर,
ओहोटीनं चिखल उघडा टाकलेला असताना
आम्ही कॉलिन पेटिटच्या मागून चालतो आहोत.
कॉलिन बोटी विकतो
आणि प्रत्येक बोटीला "म्हातारी बाई" म्हणतो.
अठ्ठावीस फूट. रुंदी दहा. वजन साडेचार टन.
दोन डिझेल इंजिनं.
उभं राहता येईल असा संडास.
"अखेर," विदुला म्हणते.
धक्क्याचं भाडं फुटाच्या हिशेबानं;
मी मनात बेरीज करतो, हातच्यात अडकतो.

कॉलिन काठावर उडी मारतो, शंभर किलोंचा गडी.
बोट ढिम्म.
"बघा," तो म्हणतो, "जमीनच."
विदुला मला मराठीत म्हणते,
"पोटातलं पाणी हलणार नाही."
मग डाव्या कानावर बोट ठेवून,
"याला विचारायला हवं."

ती चढते.
बोटीला पत्ता नाही.
ती पुढे जाते, मागे येते, केबिनमध्ये उतरते,
पाण्याची बाटली टेबलावर ठेवून
समोर बसून राहते.
बाटलीतली रेघ सरळ. बराच वेळ सरळ.
मी तिचा चेहरा बघतो.
आनंद वगैरे नाही; ताळेबंद जुळल्यावर
कारकुनाला वाटतं, तेवढंच काही.

मला खुपतं ते कॉलिनला सांगता येत नाही,
की ही बोट कुणाचंच येणं ओळखत नाही.
एवढे पैसे मोजून आम्ही
हेच तर विकत घेतोय.

टिटवी गेली जॉसलिनकडे.
ती गॅसचे बॉयलर दुरुस्त करते, बाहीभर टॅटू,
सोबत सात वर्षांचा मुलगा.
त्यानं धावत येऊन उडी टाकली
आणि टिटवी अख्खी त्याच्या बाजूला वाकली,
जशी कधी आमची नव्हतीच.
मी लाइफजॅकेटं मोजत बसलो.
सहा होती. पुन्हा मोजली. सहाच.

नव्या बोटीतली पहिली रात्र, पायफ्लीटच्या खाडीत, नांगरावर.
जाग आली तेव्हा माझे पाय सरळ होते
आणि शेजार रिकामा.
बोटीनं मला काहीच सांगितलं नव्हतं.
वर गेलो.
विदुला मागच्या बाजूला उभी, लोकरी टोपीत,
दोन्ही हात खिशात.
दोन्ही.

"कधीची उभी आहेस?"
"तुला कळलं नाही?"
"नाही."

भरती येत होती, चिखलावरून, आवाज न करता.
मी जाऊन तिच्या उजव्या अंगाला उभा राहिलो.
बोट हलली नाही.
ती जराशी कलली.
मग म्हणाली, "सँडविच उरलंय का बघ."